पाणी घालणाऱ्या बायका

माझ्या हाताखाली पाच बायका होत्या. त्यांतली एकही दिवसभर पाणी पीत नाही, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. कळलं होतं आणि मी गप्प बसले होते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मी फक्त दुसऱ्यांवर ओरडत सुटेन. ओरडण्यासारखं पुष्कळ आहे, पण सुरुवात माझ्यापासून.

गोरेगाव पूर्वेला एका नर्सरीत मी कामाला होते. राहायला कांजूरमार्गला. सकाळी कचऱ्याच्या डम्पिंगचा वास नाकात घेऊन बसमध्ये चढायचं आणि तासाभराने ओल्या मातीच्या वासात उतरायचं, असं माझं चाललं होतं. नर्सरीचं काम तसं बारा महिने असतं, पण खरी धावपळ ऑक्टोबर ते मार्च. पावसाळा सरला की आम्ही सीझनलचं बी पेरायचो. पेटुनिया, डायन्थस, साल्व्हिया, झेंडू. एका हंगामापुरती जगणारी ही फुलझाडं, म्हणून सगळे त्यांना सीझनलच म्हणतात. पेटुनियाचं बी खसखशीहून बारीक. चिमटीतून ट्रेमध्ये सोडायचं, वर माती टाकायची नाही, नुसता ओलावा धरून ठेवायचा. पाण्याचा फवारा जरा जोरात बसला की सगळं एका कोपऱ्यात वाहून जातं. नर्सरीच्या शेठकडच्या एकाही माळ्याला ते धड जमायचं नाही. मला जमायचं. म्हणून शेठने मला मुकादम केलं.

सीझनपुरत्या जादा बायका घ्यायचो, त्यांत त्या वर्षी एक मावशी आली. जुहूच्या कोळीवाड्यातली, साठीला टेकलेली. तिने तीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकली होती. नवऱ्याची होडी विकली गेली, पुढे बाजारात ती बसायची ती जागाच पत्र्याच्या कुंपणाआड गेली, तेव्हा कुणाच्या तरी ओळखीने ती आमच्याकडे आली. पहिल्या दिवशी तिने शेवंतीची कुंडी नाकाशी धरली, दोनदा हुंगली आणि म्हणाली, "ह्याला काय वास नाय गं. ह्याच्यापेक्षा सुका बोंबील बरा."

आम्ही खूप हसलो. पण तिचे हात बघितले आणि मी हसायची थांबले. कात्रीने वाळकी फुलं काढताना ती एक कळी दुखवायची नाही. इतकी वर्षं मासा साफ केलेला हात होता तो.

डिसेंबरात आम्हाला दिंडोशीची साईट मिळाली. डोंगराच्या पोटाशी तीन टॉवर. खाली पाच मजले नुसत्या गाड्या आणि त्यांच्या डोक्यावर बाग. पोडियम म्हणतात त्याला. लॉन, कारंजं, कातरलेल्या झुडपांच्या भिंती, फुलांचे वाफे, मधोमध काचेचं क्लबहाऊस. जानेवारीपर्यंत सगळे वाफे फुललेले पाहिजेत, कारण सव्वीस जानेवारीला तिथे मोठा कार्यक्रम होता. लॉनवर कुंड्या मांडून फुलांचा तिरंगा करायचा होता. केशरी झेंडू, पांढरी शेवंती, हिरव्यासाठी पानांची छोटी झाडं आणि चक्रासाठी माझी निळी पेटुनिया.

पहिल्या दिवशी मी तिथल्या सुपरवायझरला विचारलं, "बायकांसाठी बाथरूम कुठे आहे?"

तो मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "बाहेर. सिग्नलच्या पुढे सार्वजनिक आहे."

बाहेर म्हणजे काय ते सांगते. सर्व्हिस लिफ्टची वाट बघायची, खाली जायचं, गेटवर कार्ड जमा करायचं, सही करायची, सिग्नलपर्यंत चालायचं, रांगेत उभं राहायचं, परत यायचं, पिशवी तपासून घ्यायची, पुन्हा लिफ्ट. पाऊण तास. आणि कामगाराला दिवसातून एकदाच बाहेर सोडायचे. ते एकदा आम्ही जेवणाच्या सुट्टीसाठी राखून ठेवायचो. पुरुष माळी पंपाच्या खोलीमागे जायचे. तिथला वास सगळ्या बिल्डिंगला माहीत होता आणि त्यावर कुणी तक्रार केल्याचं मी ऐकलं नाही.

आणि क्लबहाऊसमध्ये, आमच्या वाफ्यांपासून वीस पावलांवर, बायकांचं बाथरूम होतं. मला ते आतून पाठ होतं. कारण दर सोमवारी तिथली झाडं बदलायचं काम आमचंच होतं. बेसिनच्या बाजूला दोन पाम, खिडकीत मनी प्लँट, कोपऱ्यात स्नेक प्लँट. उन्हात ठेवून ताजी केलेली झाडं आत न्यायची, मलूल झालेली बाहेर आणायची. त्यासाठी आम्हाला पायात घालायला निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या मिळायच्या. झाडं ठेवा, फरशी पुसा, बाहेर या. दारात सिक्युरिटी उभा असायचा.

मग बायकांनी जे सगळीकडच्या बायका करतात तेच केलं. पाणी पिणं सोडलं. सकाळी घरून निघताना अर्धा कप चहा, दुपारी भाकरी गिळण्यापुरते दोन घोट. दिवसभर हातात पाईप, पायाखाली चिखल, चपला भिजलेल्या, आणि ओठ सुकलेले. मीही तेच करत होते. आम्ही त्याबद्दल बोलायचोसुद्धा नाही. फक्त मावशी बोलायची.

"बाजारात घाण होती, माश्या होत्या, पण मागे संडास होता," ती म्हणायची. "हितं एवढं चकाचक करून ठेवलंय, आणि माणसानं जायचं कुठं?"

जानेवारीच्या वीस तारखेला दुपारी ती माझ्याजवळ आली. झेंडूच्या कुंड्या उतरवायच्या होत्या, टेम्पो खाली अडकला होता, शेठचे फोनवर फोन येत होते.

"मला जायला पाहिजे," ती हळूच म्हणाली. "सकाळपासून दुखतंय."

मी घड्याळात बघितलं. जेवणाच्या सुट्टीत तिचं बाहेर जाणं होऊन गेलं होतं. आता तिला सोडायचं म्हणजे सुपरवायझरशी वाद घालायचा, आणि टेम्पो तर वर यायच्या बेतात होता.

"थोडं थांब ना मावशी," मी म्हटलं. "एवढा टेम्पो होऊ दे."

ती थांबली. टेम्पो रिकामा व्हायला पावणेदोन तास लागले. त्यानंतरही ती काही बोलली नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही. मी विसरले. खरंच विसरले. हे लिहिताना आजही माझी मान खाली जाते.

चौथ्या दिवशी सकाळी ती शेवंतीला पाणी घालत होती. भर उन्हात तिला हुडहुडी भरली होती. पाईप हातात थरथरत होता आणि पाणी वाफ्यात पडायच्या ऐवजी रस्त्यावर, झुडपांवर, कुठेही उडत होतं. सुपरवायझर लांबून ओरडला, "ए मावशी, पाणी वाया घालवू नको!" तेवढ्यात ती खाली बसली, आणि मग आडवी झाली. मी धावत गेले. अंग तव्यासारखं तापलं होतं. दोन दिवस ती ताप घेऊन येत होती. गोळी खायची आणि यायची.

मी आणि दुसऱ्या एका बाईने तिला धरून सर्व्हिस लिफ्टपाशी नेलं. समोरची रहिवाशांची मोठी लिफ्ट रिकामी उघडी होती. सर्व्हिस लिफ्ट बाराव्या मजल्यावर कुणाचं तरी सामान चढवत होती. आम्ही तिला घेऊन उभ्या राहिलो. तिथे सुद्धा मी मोठ्या लिफ्टमध्ये शिरले नाही. सवय किती खोल जाते बघा. माणूस हातात मरायला टेकलंय आणि मी कुठली लिफ्ट आपली ते बघतेय.

रिक्षाने पालिकेच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाई तरुण होती, थकलेली होती. तिने तपासलं, प्रश्न विचारले, आणि म्हणाली, "लघवीचं इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलंय. ॲडमिट करावं लागेल. दिवसाला पाणी किती पिता आजी?"

मावशीने तोंड भिंतीकडे वळवलं.

"तुम्ही बायका पाणी का पीत नाही?" डॉक्टर माझ्याकडे बघून वैतागली. "साधी गोष्ट आहे. फुकट मिळतं ना? स्वतःची जरा काळजी घेत जा. काम काय करतात या?"

"झाडांना पाणी घालते," मी म्हटलं.

डॉक्टरने पेन थांबवलं नाही. लिहीत राहिली. मला तिचा इतका राग आला की मी हाताची मूठ ओढणीत गुंडाळून ठेवली. निष्काळजी म्हणे. एका बाईने महिनाभर स्वतःची तहान मारून ठेवली, तेवढी काळजी डॉक्टर, तुमच्या कुठल्या पेशंटने घेतली असेल?

त्या संध्याकाळी घरी जाताना मला माझा बाप आठवत राहिला. तो हिंगोलीकडच्या खेड्यातून मुंबईला आला होता. गावातल्या विहिरीवर आमच्या लोकांनी रहाटाला हात लावायचा नाही; कुणीतरी वरून ओतेल तेव्हा ओंजळीत घ्यायचं. तो हे सांगायला लागला की मी तरुणपणी कंटाळायचे. "पप्पा, ते गावाकडचं," मी म्हणायचे. "मुंबईत कुणी विचारत नाही कोण कुठला." बाप नुसता मान हलवायचा. तो मला मूर्ख समजत असणार, आणि बरोबर समजत होता. इथे जात कुणी विचारत नाही, ते खरंय. इथे कार्ड बघतात.

दुसऱ्या दिवशी साईटवर पोचल्यावर मी आधी नळाला तोंड लावलं आणि पोट भरेपर्यंत पाणी प्यायले. मग बाटली भरून अजून अर्धी. बाकीच्या चौघी बघत राहिल्या. तासाभराने मी हातातलं खुरपं वाफ्यात रोवलं आणि क्लबहाऊसकडे चालायला लागले. पायात पिशव्या घातल्या नाहीत. दारातला सिक्युरिटी अर्धे केस पिकलेला माणूस होता, रोज आमच्याशी दोन शब्द बोलणारा.

"दीदी, आज सोमवार नहीं है," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"दीदी, मेरी नौकरी जाएगी."

मी थांबले. त्याची नोकरी जाऊ नये असंच मला वाटत होतं. पण मी त्याला म्हटलं, "तू सांग की मी ढकलून गेले," आणि त्याच्या बाजूने आत शिरले. काचेसारख्या फरशीवर माझी चिखलाची पावलं उमटत गेली. मला ती बघून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? खूप बरं वाटलं.

मी बाथरूममधून बाहेर येईपर्यंत सोसायटीच्या कमिटीवरच्या एक मॅडम येऊन उभ्या होत्या. कडक इस्त्रीचा सुती कुर्ता, गळ्यात चष्मा. मराठीच.

"हे काय चाललंय?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तुला नियम माहीत आहेत ना?"

"माहीत आहेत मॅडम. आमची एक बाई काल दवाखान्यात ॲडमिट झाली. दिवसभर लघवी दाबून दाबून तिची किडनी बिघडली."

त्यांचा चेहरा जरा हलला. "अरेरे. वाईट झालं. पण हे बघ, मी तुझ्याशी माणुसकीनेच बोलतेय. आज तुम्हाला सोडलं की उद्या हाऊसकीपिंग येणार, परवा ड्रायव्हर येणार. लहान मुलं वापरतात हे. हायजिनचा प्रश्न आहे."

"मॅडम, हे बाथरूम रोज पुसतं कोण?"

"तो मुद्दा वेगळा आहे."

"आणि आतली झाडं? ती मी लावलीयत. शेणखत मी माझ्या हाताने मळते. ते शेणखत तुमच्या बेसिनच्या बाजूला चालतं. मी चालत नाही."

"तू आता वाट्टेल ते बोलायला लागलीस," त्या म्हणाल्या आणि फोन काढला.

अर्ध्या तासात शेठ आला. तो वाईट माणूस नाही. पण कमिटीसमोर उभा राहिला की त्याची उंची कमी होते. त्याने हात जोडले, फरशी पुसून देतो म्हणाला. मग मला बाजूला घेतलं.

"यार, तू पण ना! वाट लावलीस. चल, सॉरी बोल आणि विषय संपव. परवा सव्वीस तारीख आहे."

"मावशीला बघायला गेलात का तुम्ही?"

"जाणार आहे गं. आधी हे बघू दे."

"मग मीही आधी मावशीचं बघते. सॉरी नाही बोलणार. बाथरूम उघडल्याशिवाय कामही नाही करणार."

मला वाटलं होतं मी एकटीच बसणार. पण चौघींनी खुरपी, कात्र्या खाली ठेवल्या आणि त्या माझ्या बाजूला लॉनच्या कडेला येऊन बसल्या. त्यांतल्या एकीचा नवरा आजारी होता, एकीच्या मुलीची बारावी होती. मी कुणाला बोलावलं नव्हतं. समोर तिरंगा अर्धा झालेला. केशरी पट्टा पूर्ण, पांढरा निम्मा, बाकी लॉन रिकामं.

ही गोष्ट इथे जिंकण्यात संपली असती तर मीही खूष झाले असते. तसं झालं नाही. दोन तासांत शेठने दुसऱ्या साईटवरचे सहा पुरुष माळी आणले. त्यांच्यातले चारजण तर आमच्याबरोबर रोज डबा खाणारे. ते मान खाली घालून आमच्यासमोरून गेले आणि कुंड्या मांडायला लागले. मधेच एकजण पंपाच्या खोलीमागे जाऊन आला. मी त्याला नावाने हाक मारून विचारलं, "मोकळं वाटलं का रे?" त्याने बघितलं नाही. संध्याकाळपर्यंत तिरंगा पूर्ण झाला. चक्राचे आरे वेडेवाकडे आले होते. ज्यांना पेटुनियाची कुंडी धरायची कशी हेच माहीत नाही, त्यांच्याकडून दुसरं काय होणार?

सव्वीसला झेंडावंदन झालं, मुलांनी भाषणं केली, लोकांनी आमच्या फुलांसमोर उभं राहून फोटो काढले. हे मला सिक्युरिटीवाल्याने सांगितलं. त्याची नोकरी टिकली होती. आम्हाला त्या दिवशी गेटवरच अडवलं होतं. कार्डं बंद केली होती. घटना लागू झाल्याचा दिवस. मी बसस्टॉपवर उभी होते आणि माझ्या अंगात नुसता जाळ होता.

पुढच्या आठवड्यात कमिटीने मेहेरबानी केली, आमची कार्डं पुन्हा चालू केली. खालच्या तिसऱ्या पार्किंगमध्ये ड्रायव्हरांसाठी दोन संडास होते, त्यातला एक बायकांना दिला. दारावर कागद चिकटवला: कामगार महिलांसाठी, वेळ दुपारी एक ते दोन. आतून कडी नव्हती. एकीने जायचं आणि दुसरीने दाराला पाठ लावून उभं राहायचं. शेठ म्हणाला, "बघ, मिळालं ना शेवटी?" मी त्याला म्हटलं, "तुमचं पोट एक ते दोनमध्येच साफ होतं का?" तो हसला. मला हसू आलं नाही.

मावशी अकरा दिवसांनी घरी गेली, पण कामावर परत आली नाही. फेब्रुवारीत मी तिला भेटायला कोळीवाड्यात गेले. ती दारात पाटावर बसून कोळंबी सोलत होती, कुणासाठी तरी, किलोवर. पाय सुजलेले. मी शेजारी बसले आणि दिवसभर मनात घोळवलेलं बोलायला लागले. मला माफ कर, त्या दिवशी मी तुला सोडायला पाहिजे होतं, टेम्पो गेला असता खड्ड्यात. बोलता बोलता मला रडू आलं.

तिने हातातली कोळंबी टोपलीत टाकली.

"तू बोललीस थांब, मी थांबले," ती म्हणाली. "तू मुकादम होतीस ना? मग? आता हितं रडू नको. तू रडलीस की मला तुला समजवायला लागेल. आणि मला नाय समजवायचं. मला राग आलाय तुझा."

मी डोळे पुसले.

"अजून आहे राग?" मी विचारलं.

"हाय. र्‍हाणार." थोड्या वेळाने तिने सुरी माझ्याकडे सरकवली. "बसलीयस तर सोल. काळा दोरा काढून टाक पाठीतला."

मी संध्याकाळपर्यंत कोळंबी सोलत बसले. तिने चहा दिला. माफी दिली नाही. मला वाटतं ते योग्यच होतं. ज्यांनी खरी माफी मागायला पाहिजे होती, त्यांच्यातलं तर कुणी त्या गल्लीत पाऊलही टाकलं नव्हतं.

शेठने मला काढलं नाही, कारण पुढच्या सीझनचं बी पेरायला त्याला माझे हात लागणार होते. मी त्याला साफ सांगितलं, ज्या साईटवर बायकांना संडास नाही तिथे माझ्या बायका उतरणार नाहीत. तो हो म्हणाला. धंद्यात माणसं किती वेळा हो म्हणतात, ते मला माहीत होतं.

नोव्हेंबरात मुलुंडला एका नवीन कॉम्प्लेक्सची बाग लावायची होती. आम्ही टेम्पोत तीनशे शेवंतीच्या कुंड्या घेऊन पोचलो. दोन बायका मागे कुंड्यांमध्ये, मी पुढे ड्रायव्हरशेजारी. गेटवर तिथला मॅनेजर आला.

"बायकांचं बाथरूम कुठे आहे?" मी खाली न उतरता विचारलं.

तो हसला. "ताई, आधी माल तर उतरवा. मग बघू."

"आधी दाखवा."

"अहो, आत कसं सोडणार? बाहेर आहे, मार्केटपाशी."

मी ड्रायव्हरला म्हटलं, "फिरव गाडी."

त्याला वाटलं मी मस्करी करतेय. मी पुन्हा सांगितलं. मॅनेजर आता हसत नव्हता. ड्रायव्हरने रिव्हर्स टाकला, मागे हॉर्न वाजायला लागले, कुंड्या एकमेकींवर आपटल्या. शेठचा फोन आला. मी उचलला. तो काय काय बोलत होता ते मी सगळं ऐकून घेतलं, अधेमधे तोडलं नाही. मग म्हटलं, "शेठ, संडास सापडला की सांगा, लगेच परत येतो," आणि फोन ठेवून दिला. मागून एका बाईने केबिनच्या काचेवर टकटक केलं. मी वळून बघितलं. ती बाटली तोंडाला लावून पाणी पीत होती आणि मला हाताने खूण करत होती, पुढे चल, पुढे चल.